सात नंबरची बाटली आणि भिजलेली बुचं

सिलवासाच्या आमच्या शाळेला मॅट्रिकच्या विज्ञान प्रात्यक्षिकांचं केंद्र पहिल्यांदा मिळालं ते साठच्या दशकाच्या शेवटी, आणि तेही अटीवर. बाहेरून येणारे परीक्षक सकाळी आधी द्रावणं तपासणार. ती बरोबर निघाली तर परीक्षा इथे, नाहीतर सगळ्यांनी दूरच्या केंद्रावर मुक्कामाला जायचं. मुलगे आनंदाने गेले असते. वर्गातली एकुलती एक मुलगी मात्र गेली नसती. तिचे वडील खेरडीचे शेतकरी. त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं, "बाई, इथे असेल तर बसवतो. परगावी पोर धाडणार नाही."

मी रत्नागिरीहून आलेली, विज्ञान शिकवणारी. कामांची चिठ्ठी लिहिल्याशिवाय मला चहासुद्धा गोड लागत नाही. त्या आठवड्याच्या चिठ्ठीत सात बाटल्या होत्या. एक नंबर म्हणजे जहाल आम्ल, तेरा म्हणजे जहाल अल्क आणि मधोमध सात, म्हणजे ना आम्ल ना अल्क, निव्वळ शुद्ध पाणी. मधले आकडे एकेक सोडून: तीनला व्हिनेगर, पाचला बोरिक पावडर, नऊला टाकणखार, अकराला धुण्याचा सोडा. शुद्ध पाणी म्हणजे मोटारीच्या बॅटरीत घालतात ते, वापीच्या गॅरेजातून आणलेलं.

शिपाई रजेवर होता, म्हणून बाटल्या धुवायचं काम हेडमास्तरांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, आपण होऊन अंगावर घेतलं. टोकरखाड्यातल्या घराच्या अंगणात त्यांनी त्या अशा घासल्या की उन्हात बघवेनात. मी द्रावणं भरली, बुचं ठोकली, चिठ्ठ्या डकवल्या आणि निर्धास्त झाले.

परीक्षेच्या आदल्या दुपारी सहज पडताळणी केली. एक नंबरात रंग बदलणाऱ्या कागदाची पट्टी बुडवली, लालभडक. तेरा नंबरात जांभळी. छान. पाच नंबरात ती पिवळसर नारिंगी व्हायला हवी होती, झाली हिरवी. सात नंबरात हिरवी व्हायला हवी होती, झाली निळसर. पाणीच खराब म्हणावं तर डब्यातल्या ताज्या पाण्यात पट्टी बरोबर हिरवी. म्हणजे घोळ बाटलीत होता.

तेवढ्यात वहिनी पोह्यांचा डबा घेऊन आल्या, पाठोपाठ हेडमास्तर सर. मी विचारलं, बाटल्या कशाने घासल्या? राखेने, आणखी कशाने, त्या म्हणाल्या. पण विहिरीच्या पाण्याने चार वेळा खळबळल्या, वर तुझ्या त्या शुद्ध पाण्यानेही एकदा.

"आणि बुचं?"

"ती रात्रभर राखेच्या पाण्यात भिजत टाकली होती. कळकट होती नाही का?"

मी हसायलाच लागले. राख म्हणजे अल्क. बुचाच्या भोकाभोकांत मुरलेली राख हळूहळू बाटलीत उतरत होती. जहाल द्रावणांना तिचा काही फरक पडत नव्हता, पण पाच आणि सात बिचारे नाजूक. वहिनींचा चेहरा उतरला. सर म्हणाले, "घरातल्या कंदिलाची काच कधी एवढ्या निष्ठेने घासली नाहीस."

"तुम्ही तरी कधी परीक्षक आणला होता कंदील बघायला?" वहिनी म्हणाल्या, आणि सगळं पुन्हा ताळ्यावर आलं.

नवी बुचं कुठून आणणार? उपाय एकच: असलेली बुचं उकळून, वाळवून मेणात बुडवायची, म्हणजे आतली राख आतच राहील. वहिनींनी चूल पेटवली, मी आमलीच्या बाजारातून मेणबत्त्या आणल्या. वाढदिवस कोणाचा, असं दुकानदाराने गुजरातीत विचारलं. मी म्हटलं, सात नंबरच्या बाटलीचा. शुद्ध पाणी उकळून, हवेने आम्लाकडे झुकू नये म्हणून झाकून गार करून सातमध्ये भरलं. अडलं ते पाचवर. बोरिक संपलं होतं.

मी सरांकडे पाहिलं. रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर कॅरम चाले आणि बोर्डावर टाकायची पावडर म्हणजे बोरिकच. सरांना ते माझ्या आधी उमगलं असावं, कारण ते खिडकीबाहेर पाहू लागले.

"सगळी लागेल?"

"सगळी, सर."

वहिनी पावडरीचा डबा घेऊनच आल्या.

सकाळी परीक्षकांनी पहिली पट्टी नेमकी सातमध्येच बुडवली. हिरवी. मग पाच, मग बाकीच्या. पट्ट्या रांगेत ठेवून त्यांनी एक बाटली उजेडात धरली आणि विचारलं, "एवढी लख्ख काच कोणी घासली?"

"आमच्या घरच्यांनी," सर म्हणाले. कंदिलाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

खेरडीची मुलगी दुसऱ्या तुकडीत बसली. बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना रंग लागला होता. वडील फाटकाशी उभे होते. त्यांनी मला विचारलं, आता दूर जायला नको ना? नको, म्हटलं. "मग चल, जेवण गार होतंय," ते मुलीला म्हणाले, आणि दोघं चालू लागली.

त्या संध्याकाळी ओसरीवर कॅरम मांडला गेलाच. पावडरीवाचून सोंगट्या जागच्या हलेनात. तरी लाल राणी वहिनींनीच घेतली, आणि सरांनी सारा दोष बोर्डाला दिला.