‘संवाद’ या रकान्यात मी जे लिहिलं

गेल्या वर्षी माझ्या जुन्या खेळाडूंनी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका हॉलमध्ये माझा सत्कार केला. शाल झाली, नारळ झाला. मग माझा एक जुना विद्यार्थी माईकवर आला. तो आता स्वतः एका कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवतो. तो म्हणाला, सरांनी हाताच्या खुणांवर खेळणारा संघ उभा केला, आपल्या भागात असा खेळ त्याआधी कुणी पाहिला नव्हता. टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली, आणि लोकांना तो विनय वाटला.

त्या खुणा माझ्या नव्हत्या. ज्या मुलीच्या होत्या तिचं मी नुकसान केलं. आता वय झालं आहे, आणि हे मी आणि तिच्या घरचे सोडून कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे. तिचं नाव लिहिणार नाही. तिनेच नको म्हणून सांगितलं आहे.

मी कॉलेजात शारीरिक शिक्षणाचा मास्तर होतो. मुलींचा बास्केटबॉल संघ माझ्याकडे असे. संघात पाच जणी खेळतात, पण त्यातली एक पॉइंट गार्ड असते. चेंडू तीच वर आणते, कुणी कुठे धावायचं, चेंडू कुणाला द्यायचा, हे तीच ठरवते. ती चांगली असेल तर बाकीच्या चौघी असतात त्यापेक्षा बऱ्या दिसतात. म्हणून तिची पारख करणं अवघड. बास्केट दुसरीच्या नावावर लागतं आणि हुकलेला पास हिच्या नावावर. मी प्रत्येक सामन्याला वही घेऊन बसायचो, रेघा ओढायचो, आणि माझ्या वहीचा मला फार अभिमान होता.

ती पहिल्या वर्षाला आली तेव्हा अंगाने बारीक, उंचीने बेताची होती. राहायला अंबरनाथला, मोरिवली गावात. वडील तिथल्याच एका केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार. शाळेत ती कबड्डी खेळली होती, बास्केटबॉल तिने कॉलेजात पाहिला. पण पहिल्या आठवड्यातच मला दिसलं की चेंडू हातात असताना ही खाली बघत नाही. हे शिकवून येत नाही.

ती ओरडायचीही. पॉइंट गार्डने ओरडायलाच हवं. एका दुपारी सरावात आमच्या संघातली एक उंच सिंधी मुलगी चुकीच्या बाजूला उभी राहिली, तशी ही गावच्या बोलीत ओरडली, “तिकरं पल, तिकरं! पाठी बग!”

मी शिट्टी वाजवून खेळ थांबवला.

“हे कॉलेज आहे. इथे म्हशी चरायला आणल्यास का?” मी म्हणालो, आणि मग तिच्याच आवाजात, हात वर करून, “तिकरं पल” असं दोनदा म्हणून दाखवलं.

मुली हसल्या. ती उंच मुलगी म्हणाली, “सर, इसको सबटायटल दो.” त्यावर आणखी हसल्या. मीही हसलो. सगळ्यांत शेवटी ती स्वतः हसली. पुढे काही दिवस मुली तिला ‘तिकरं’ म्हणूनच हाक मारायच्या. ए तिकरं, पाणी दे. ए तिकरं, चल ना. ते माझ्या कानांवर पडत होतं. मी कुणाला थांबवलं नाही.

मी स्वतः साताऱ्याकडच्या एका खेड्यातला. प्रशिक्षणाला गेलो तेव्हा माझ्या ‘व्हय’वर सगळं वसतिगृह हसलं होतं. जीभ सरळ करायला मला दोन वर्षं लागली. मला वाटत होतं, मी या मुलीचे श्रम वाचवतो आहे. त्या वेळी खरंच असं वाटत होतं की नंतर मी तशी समजूत करून घेतली, हे आता मला सांगता येत नाही.

त्यानंतर ती कोर्टवर कधी ओरडली नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या लक्षात आलं की ती हातांनी काहीतरी करते. वेणीला हात लावला की डावीकडची मुलगी आत धावायची. मूठ कमरेमागे गेली की उंच मुलगी रिंगखाली यायची. दोन बोटं गुडघ्यावर टेकली की सगळ्या पसरायच्या. हे सगळं तिने एकेकीला बाजूला घेऊन कॅन्टीनमध्ये शिकवलं होतं, वडापावच्या कागदावर ठिपके काढून. मी विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, “सर, खुणा चालतात ना?” नियमात बसतात, मी म्हणालो. पुढे विचारलं नाही. का विचारलं नाही, तेही मला माहीत होतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही जिंकायला लागलो. दुसऱ्या कॉलेजांच्या पॉइंट गार्ड ओरडून सांगायच्या आणि आमच्या मुली ते ऐकून आधीच तिथे उभ्या असायच्या. आमचं मात्र कुणाला काही कळायचं नाही. एका सामन्यात समोरच्या संघाने पहिल्यापासून अंगावर येऊन खेळायला सुरुवात केली. दोघी दोघी तिला घेरत होत्या. तिने एकदा वेणी मागे टाकली, चेंडू जमिनीवर आपटून त्या दोघींच्या मधून काढला, आणि पलीकडे आमची मुलगी मोकळी उभी होती. हे त्या दिवशी इतक्या वेळा झालं की समोरच्या मास्तरांनी टाइमआउट घेऊन नुसतं पाणीच प्यायलं.

लोक मला विचारू लागले. क्रीडाशिक्षकांच्या एका शिबिरात मला व्याख्यानाला बोलावलं. मी फळ्यावर तिच्या खुणा काढल्या आणि त्यांना ‘मूक संचालन’ असं भारदस्त नाव दिलं. एकाने विचारलं, ही कल्पना कुणाची? मी म्हणालो, “हळूहळू बसवलं.” एवढंच. खोटंही बोललो नाही आणि खरंही सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या संघासाठी निवड होती. तिच्यासाठी ही शेवटची संधी होती, आणि तिला या एकाच गोष्टीची आस होती. विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचं प्रमाणपत्र मिळालं तर खेळाडूंच्या भरतीत नोकरीसाठी अर्ज करता येत असे. वडिलांचा कारखान्यातला करार संपत आला होता. त्यांनी तिला सांगितलं होतं, या वर्षापर्यंत खेळ, पुढे काही झालं तर बघू. ते एकदा कॉलेजच्या फाटकापर्यंत आले होते, डबा द्यायला. आत आले नाहीत. मला लांबूनच नमस्कार केला.

निवडीआधी प्रत्येक कॉलेजच्या शिक्षकाने खेळाडूचं मूल्यमापन पाठवायचं असे. छापील कागद होता. चेंडूवर ताबा, पास, निर्णय, बचाव आणि संवाद असे पाच रकाने, प्रत्येकाला दहा गुण. गुण देण्यात मी चिक्कू म्हणून प्रसिद्ध होतो. माझ्या कागदावर निवड समितीचा विश्वास होता, कारण मी कुणाला उगाच वर चढवत नसे. तरी पहिल्या चार रकान्यांत मी तिला जे गुण दिले तेवढे त्याआधी कुणाला दिले नव्हते.

पाचव्या रकान्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असे: मैदानावर सहकाऱ्यांना मोठ्याने सूचना देते का? मी खूप वेळ पेन धरून बसलो. मग दहापैकी दोन गुण दिले आणि शेरा लिहिला: ‘मैदानावर बोलत नाही. नेतृत्व कमी.’ कागदाने विचारलं त्याचं उत्तर दिलं, असं मी मनाशी म्हटलं. खुणांबद्दल लिहायला जागा होती. पण खुणा तिच्या आहेत असं लिहिलं असतं तर माझ्या व्याख्यानाचं काय झालं असतं?

इथवर कदाचित मला क्षमा झाली असती. पुढे निवड समितीतल्या एका गृहस्थांचा मला फोन आला. माणूस भला. म्हणाले, “तुमच्या मुलीचं बाकी सगळं वरचं आहे. मग संवादात दोनच का? दुसरी एक मुलगी आहे, खेळात उणी आहे, पण बोलते. तुम्ही सांगाल तसं करू.”

त्यांनी सगळं माझ्या हातात दिलं होतं. ही हातांनी बोलते, एवढं जरी म्हणालो असतो तरी पुरलं असतं. तिचं तोंड मी बंद केलं, हे सांगायचीही गरज नव्हती. पण एक सांगितलं की दुसरं निघणार, अशी भीती वाटली.

“गप्पच आहे हो ती,” मी म्हणालो. “स्वभावच तसा.”

“बरं,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

यादी लागली. त्यात ती नव्हती. दोन दिवसांनी ती कॉलेजच्या जर्सी परत करायला आली. दोन्ही धुऊन, इस्त्री करून आणल्या होत्या. उभ्या उभ्या विचारलं, सर, मी कशात कमी पडले? मी कपाटाला कुलूप लावत होतो. पाठमोराच म्हणालो की तिथे स्पर्धा फार असते, खेळ अजून वाढायला हवा होता. ती बरं म्हणाली. जाताना पाया पडून गेली.

याला सोळा-सतरा वर्षं झाली.

सत्कारानंतर आठवड्याभरात तो माईकवर बोललेला माजी विद्यार्थी माझ्याकडे आला. माझ्या संघात नवी पॉइंट गार्ड आहे, सर, तिला एकदा नजरेखालून घाला, म्हणाला. गेलो. कोर्टच्या कडेला खुर्ची टाकून त्याने माझ्या हातात कागद दिला. रकाने बदलले होते, पण संवाद होताच. समोरची मुलगी ओरडत होती, “अबे पीछे देख ना, कुठे चाललीस, भाई!” अर्धं हिंदी, अर्धं मराठी, थोडं आणखी कुठलं. कुणी शिट्टी वाजवली नाही. कुणी हसलं नाही. मी कागद कोराच परत केला, डोळ्यांना नीट दिसत नाही असं सांगितलं.

मग मी त्या उंच मुलीला शोधलं. तिचं कॅम्प पाचातच कपड्यांचं दुकान आहे, आता तिची मुलगी शाळेत आहे. मी विचारलं, ती आपली पॉइंट गार्ड फार गप्प होती, नाही? ती कापडाची घडी घालता घालता थांबली.

“ती गप्प? सर, कॅन्टीनमध्ये तर तिचा तोंड बंद नाय व्हायचा. तुम्ही आला की बंद.”

पत्ता तिनेच दिला. लग्न होऊन बदलापूरला, बेलवलीत असते. औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जाते. रविवारी घरी सापडेल.

रविवारी गेलो. चाळवजा घर, पुढे तुळस, बाहेर दोन सायकली. तिने मला लगेच ओळखलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. मुलीला हाक मारली, “बाळा, इकडे ये, सरांच्या पाया पड.” स्वच्छ पुस्तकी मराठीत. मला तेच टोचलं. आत सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांच्याशी मात्र ती गावच्या बोलीत बोलत होती, आणि माझ्याकडे वळली की पुन्हा पुस्तकी.

मी जुनी वही नेली होती. सगळं सांगितलं. म्हशींचं बोलणं, व्याख्यान, रकाना, फोन. मी थांबल्यावर तिने वही घेतली, तिच्या सामन्यांची पानं चाळली, रेघांवरून बोट फिरवलं.

“म्हणजे मी खेळात कमी नव्हते?”

“नव्हतीस.”

“दुसरी मुलगी?”

“तुझ्याहून उणी होती.”

तिने आणखी एक पान उलटलं. मग म्हणाली, “मी बाबांना सांगितलं होतं, माझाच खेळ कमी पडला. त्यांना वाटत होतं कुणीतरी वशिला लावला असेल. मीच म्हटलं, नाही, सर तसं होऊ द्यायचे नाहीत. ते गेले तेव्हाही माझं तेच म्हणणं खरं धरून होते.”

मी माफी मागितली. ती ठीक आहे म्हणाली नाही, आणि काही वाईटही बोलली नाही. मी लिहू का, असं विचारलं. लिहा, म्हणाली, माझं नाव नको, पण मी काय ओरडले होते ते तसंच्या तसं लिहा, सुधारून लिहू नका. मग म्हणाली, माझी मुलगी खेळायचं म्हणत होती, मीच नको म्हटलं, आपल्यात ते नाही असं सांगितलं. एवढं बोलून तिने वही मिटून माझ्या हातात दिली.

तेवढ्यात सासूबाई सूप घेऊन दारात आल्या. कोण पाहुणे, त्यांनी सुनेला विचारलं.

ती माझ्यासमोर, मोठ्याने, त्यांच्याच बोलीत म्हणाली, “कालेजचे सर हायेत. माजा निकाल सांगाया आलेत.”

“कंचा निकाल? काय लागला मंग?”

“इचारा त्यानलाच.”

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. म्हणालो, ताई, हिची तेव्हा निवड व्हायला हवी होती. माझ्यामुळे झाली नाही.

त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आता काय उपेग,” त्या म्हणाल्या, आणि सूप घेऊन आत गेल्या.