आल्बिनाचा गुडघा आणि सुकेळी

सांडोर गावच्या आल्बिनाबायचा डावा गुडघा ठणकला की पाऊस येतो, हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं. हवेत ओल आली की गुडघा आखडायचा आणि दुसऱ्या दिवशी सर हजर. घरात सुकेळ्यांचा धंदा. राजेळी केळी सोलून आठवडाभर उन्हात वाळवायची, पाणी लागलं की माल गेला. म्हणून नवरा ऑस्कर रोज सकाळी केळी बाहेर काढण्याआधी विचारायचा, "काय म्हणतो गुडघा?" बायको काय म्हणते, हे विचारायचं त्याला कधी सुचलं नाही.

ईस्टरनंतर मात्र गुडघा रोजच दुखायला लागला. कडकडीत उन्हातसुद्धा. रविवारी चर्चमध्ये मिस्सेत सगळे गुडघे टेकायचे, तेव्हा ही एकटी बाकावर बसून राहायची. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं तिला.

"मला डॉक्टरकडे न्या," ती म्हणाली.

"हवा बदलतेय गो," ऑस्कर आभाळाकडे बघत म्हणाला.

सून जीनाने मोबाइलवर वाचलंच होतं. "मम्मी, थंडी आणि दमट हवा असली की सांधे धरतात. तेल कोमट करून लावा."

डोंबलाची हवा! सहा महिने हवा बदलत होती, तेलाच्या बाटल्या रिकाम्या होत होत्या आणि आल्बिना रात्री उशी चावून झोपत होती. दुखणं तिचं, नाव मात्र हवेचं.

नोव्हेंबरात हंगामाची पहिली केळी सोलून झाली. ऑस्करने नेहमीचं विचारलं.

"दुखतोय," आल्बिनाने खरं तेच सांगितलं.

झालं! सगळ्या केळ्यांची रवानगी मागच्या खोलीत. दुसऱ्या दिवशीही गुडघा दुखत होता, तिसऱ्या दिवशीही. बाहेर आभाळ लख्ख, ढगाचा पत्ता नाही. चौथ्या दिवशी खोलीतून आंबूस वास आला. केळ्यांवर पांढरी बुरशी चढली होती.

ऑस्करने टोपली अंगणात आपटली. "वाटोळं केलंस! तुझा गुडघा बिघडलाय!"

"तेच तर मी ईस्टरपासून बोंबलतेय!" आल्बिना इतक्या जोरात ओरडली की शेजारची मेरी कुंपणापाशी आली. "बिघडलाय! गुडघा आहे तो माझा, वेधशाळा नाही!"

 ऑस्कर मान खाजवत म्हणाला, "मग आता पावसाचं कोणाला विचारायचं?"

 आल्बिनाने आत जाऊन खुंटीवरची पर्स घेतली आणि कुंपण धरत धरत डॉक्टरकडे जायला एकटीच रिक्षा बघायला निघाली.