पान अकरा, खालून तिसरी ओळ

अन्याय झाला तो रेवदंड्याच्या एका कोळिणीवर. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास. करणारा मी.

आदल्या शिमग्यात मी हा मुलूख पायी पाहिला होता. मुंबईकरांनी नुसते महाबळेश्वर का गाठावे, या रागाने मला एक पुस्तिका लिहायची होती. मांडव्याला उतरलो तो प्रश्न विचारीतच. वाटेत भातखाचरांच्या मधोमध कमळांचे तळे लागले. पानांवरून चालणारा तो लांब बोटांचा पक्षी कोणता, हे शेतकऱ्याला विचारले. पालीच्या देवळात फिरंगी घंटा दिसली. ती कुठून आली, हे पुजाऱ्याला विचारले. रेवदंड्याला किल्ल्याच्या तटाखाली एक सारवलेले, लखलखीत पटांगण दिसले. सणामुळे होड्या किनाऱ्याला होत्या, पटांगण रिकामे. तिथे मात्र कोणालाच काही विचारले नाही. बसलो, पोहे खाल्ले आणि लिहून टाकले, 'फराळास उत्तम मोकळी जागा.'

दत्ताच्या जत्रेला आलेली मंडळी दुसऱ्या दिवशी किल्ला पाहायला आली. नुकतीच छापून आलेली माझी पुस्तिका लोक वाचतात का, या उत्सुकतेने मीही मागोमाग गेलो. वाचत होते! पंधरा-वीस जण माझ्या पटांगणावर चिवडा खात बसले होते, आणि समोर एक बाई ओल्या जवळ्याची, म्हणजे बारीक कोलंबीची, पाटी डोक्यावर घेऊन उभी होती.

"उठा ना वो! माझा जवला कुठं पसरू, तुमच्या धोतरावर?"

"अहो बाई, इथं बसावं म्हणून छापलंय."

"छापनाऱ्याला आना हितं. त्याच्याच टकल्यावर वालवते!"

मला टक्कल नव्हते, पण मी पुढे झालो. "मीच तो."

तिने मला खालून वर पाहिले. "शिकलेला दिसतोस. मग शेनानं सारवलेली जागा कोन कशाला ठेवल, इचारता नाय आला?"

मंडळी उठली, पण त्या वाळवणाच्या खळ्यावर चिवडा, केळीची साले, जोड्यांची माती. पुन्हा झाडून सारवायचे, ते वाळायचे, मग जवळा पसरायचा. मी शेण कालवायला बसलो. तोवर उन्हे कलली. पाटीतल्या जवळ्याला पाणी सुटले, वास फिरला.

"आता याचं काय?"

"माडाच्या मुलात. खत." मग हळूच म्हणाली, "हा सुकला असता तं वरल्या गावांत देऊन भात आनला असता. पोरांना चार दिस झाला असता."

मी भरपाई देऊ केली, तिने घेतली नाही. म्हणाली, "उद्या दुसरे येतील, त्यांच्या हातात बी तुझा कागद असल."

ती पुस्तिका तुमच्या घरी असेल, तर आत्ता काढा. पान अकरा, खालून तिसरी ओळ. शाईने खोडा, आणि वर लिहा : हे जवळ्याचे खळे आहे, इथे बसू नये.