तिसऱ्या 'का'पर्यंत

मंगळवारी सकाळी मामा गेले. आईने फोनवर एवढंच सांगितलं. मी चाकणला कंपनीत होते. सुरू केलेलं मोजमाप लिहून पूर्ण केलं आणि संत तुकाराम नगरला मामांच्या घरी निघाले.

मामा पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या एका प्रेस शॉपच्या क्वालिटी विभागातून निवृत्त झाले होते. तरुणपणी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली होती. गेल्या वर्षी, नोकरी सांभाळून करायच्या यंत्रसुरक्षेच्या अभ्यासक्रमाला मी दुसऱ्यांदा अर्ज केला. पहिल्या वेळी नकार आला होता. आता नाही जमलं तर स्थळं बघायची, असं बाबांनी सांगून ठेवलं होतं. अर्जासोबतचं निवेदन मी मामांच्या हातापासून सुरू केलं. वाचणाऱ्याचं मन हलेल, अशी माझी खात्री होती. मामांनी ते वाचून चष्मा काढला.

"बोटं माझी गेली. तू काय केलंस?"

"म्हणून तर हा विषय शिकायचाय, मामा."

"म्हणजे मॅडमना माझ्या बोटांवर ॲडमिशन पाहिजे."

"देऊन टाका की," मामी आतून म्हणाली, "तशीही तुमच्या काय कामाची राहिलीत?"

पार्ट बिघडून आला की कारणामागचं कारण पाच वेळा विचारायचं, ही मामांची कारखान्यातली रीत. तीच त्यांनी माझ्यावर चालवली. का शिकायचंय? अपघात टाळायला. "ते तर कंपनीच्या भिंतीवर पण लिहिलंय. अपघात का होतात?" हात आत जाऊ नये म्हणून लावलेला प्रेसचा जाळीचा गार्ड ऑपरेटर तारेने वर बांधून ठेवतात म्हणून. का बांधतात? मी वैतागून सांगितलं, जाळीतून पार्ट नीट दिसत नाही, टार्गेट चुकतं. आमच्या कंपनीत मी तीन दिवस ऑपरेटरांच्या शेजारी उभी होते. मग जाळीऐवजी पारदर्शक शीट लावून घेतली, तर त्यांनी तीही काढली.

"का?"

"माहीत नाही..."

मामांनी निवेदनाचा कागद माझ्याकडे सरकवला. "जाळी आधी लिही. मग शीट. आणि शेवटी हे, माहीत नाही म्हणून. माझा हात खोड."

मी खोडला. प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा ते दवाखान्यात होते. वाचून दाखवलं, तर म्हणाले, "आता शोध."

वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले. त्या शीटबाबत मी तिसऱ्या 'का'पर्यंत पोचले आहे. पुढचे दोन मलाच विचारायचे आहेत.