‘बसवण्यात आलं’

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकच्या एका शाळेत मी नववीला इतिहास शिकवत होते. ज्यूंच्या संहारावर पुस्तकात जेमतेम चार ओळी होत्या आणि त्या घोकून मुलं पास होत होती. मला ते सहन होईना. त्या वर्षी मी ठरवलं, या चार ओळींमागे काय आहे ते मुलंच शोधतील.

शोधायचं म्हणजे मोकाट सोडायचं नव्हतं. शनिवारी शाळा सुटली की मी त्यांना वाचनालयात न्यायची. प्रत्येकाला एकच प्रश्न. दोन पुस्तकांत सापडल्याशिवाय काहीही लिहायचं नाही. सायबर कॅफेतून कागद छापून आणला, तर तो मजकूर कोणाचा, हे आधी सांगायचं. मुलं कुरकुरली, मग हळूहळू त्यांना गोडी लागली.

पहिली टिपणं हातात आली आणि माझं डोकं फिरलं. ‘लाखो ज्यू मृत्युमुखी पडले.’ ‘घरं रिकामी करण्यात आली.’ ‘कुटुंबांना वेगळं करण्यात आलं.’ सगळी सरकारी परिपत्रकाची भाषा. पहिलं वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, ‘‘मृत्युमुखी पडायला तो काय भूकंप होता?’’ त्या दिवसापासून नियमच करून टाकला, की प्रत्येक वाक्याला कर्ता हवा. कोणी केलं ते सापडेपर्यंत वाक्य अर्धवट समजायचं.

मखमलाबादकडून सायकलवर येणारी एक मुलगी होती. घरी फुलशेती, वर्गात तोंडातून शब्द नाही. तिच्याकडे प्रश्न होता, ज्यू मुलांच्या शाळेचं काय झालं? दोनपैकी इंग्रजी पुस्तक ती शब्दकोश शेजारी ठेवून वाचत बसायची. शेवटी तिच्या तक्त्यावर मधोमध ठळक अक्षरात वाक्य आलं, ‘शिक्षकांनी ज्यू मुलांना वेगळ्या बाकांवर बसवलं.’ शेजारी दोन्ही पुस्तकांची पानं नोंदवलेली. शिक्षक म्हणून ते मला झोंबलं, आणि तिचा अभिमानही वाटला.

स्नेहसंमेलनातल्या प्रदर्शनात मुलांचे हे तक्ते मांडायचे होते. आदल्या दिवशी मुख्याध्यापक फेरी मारायला आले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. त्या वाक्यापाशी ते थबकले.

‘‘मॅडम, उद्या पालक येणार, संस्थेची मंडळी येणार. शिक्षकांबद्दल असं बरं दिसत नाही. ‘बसवण्यात आलं’ असं करा. अर्थ तोच राहतो.’’

मी काही बोलायच्या आत मुलीनं व्हाइटनर काढला. ‘‘बाई, मी बदलते. उगाच तुम्हाला बोलणी कशाला?’’

तिचा तो समजूतदारपणा बघून मी भडकलेच. इतक्या शनिवारांचं काम ती माझ्यासाठी पुसायला निघाली होती.

‘‘ठेव तो व्हाइटनर. लिहिलंस ते खरं आहे का?’’

‘‘दोन्ही पुस्तकांत हाय, बाई.’’

‘‘मग राहील.’’ मी मुख्याध्यापकांकडे वळले. ‘‘सर, तुम्ही म्हणत असाल तर बदलू. पण वर्गाचा नियम आहे. खाली लिहावं लागेल, ‘हे वाक्य मुख्याध्यापकांनी बदललं.’ ’’

नोकरीवर बेततंय की काय, असं मला क्षणभर वाटलं, पण मागे हटायची माझी तयारी नव्हती. ‘‘तुमची जबाबदारी,’’ एवढंच म्हणून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गर्दी होती ती विज्ञानाच्या टेबलावरच्या, धूर काढणाऱ्या ज्वालामुखीच्या प्रतिकृतीपाशी. आमच्या कोपऱ्यात कोण फिरकतंय? शेवटी एक वयस्कर गृहस्थ आले, कुणाचे तरी आजोबा, निवृत्त मास्तर. मुख्याध्यापक लगबगीनं माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आजोबांनी चष्मा सारखा करून वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं.

‘‘काय गं, एकाही शिक्षकानं ‘नाही’ म्हटलं नाही?’’

मी पुढे होणार होते, पण स्वतःला आवरलं. मुलीचे कान लाल झाले होते. पण ती बोलली.

‘‘म्हटलं असंल कोणीतरी, आजोबा. पण मला अजून सापडलं नाय. सापडलं की त्याचं नाव लिहिणार, खाली जागा ठेवलीय.’’

तक्त्याच्या तळाशी तिनं खरंच पट्टीनं एक ओळ आखून कोरी सोडली होती. आजोबा पुढच्या तक्त्याकडे गेले. मुख्याध्यापक आणि मी, आम्ही दोघं शिक्षक, त्या कोऱ्या ओळीकडे बघत उभे राहिलो.