पांढऱ्या झाकणाचा कॅन

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा हैदराबादहून येणारी माझी गाडी मुदखेडला उभी होती. मामी एवढंच म्हणाली, "ये गं लवकर..." नांदेडला घरी न जाता मी तशीच लातूरला गेले. मी कमीच बोलते. मामाला ते चालायचं.

मामा लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचा. दुष्काळाच्या एका उन्हाळ्यात तो शिरूर अनंतपाळकडच्या एका गावात बोअरचं पाणी आणि मुतखडा यांचा संबंध तपासत होता. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीआधी शोधनिबंध छापून यायला हवा होता. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून भाषा तपासायला त्याने मला नांदेडहून बोलावून घेतलं. घरोघरी प्लास्टिकचे नवे कॅन दिले होते. दिवसभराची लघवी त्यात साठवायची. आम्ही ते आणायला गेलो तेव्हा पारावर लातूरमधून नवा जिल्हा निघणार याची चर्चा रंगली होती आणि बहुतेक कॅन पाण्याने भरलेले होते.

"काशीबाई मावशी, हे काय?"

"टँकर आला नव्हं का, डॉक्टर. घागर गळतीय, तुमचा कॅन कोरा हाय."

"अन् तपासणी?"

"ती उद्या बी होतीय की. टँकर उद्या येत न्हाई."

"जिल्हा होऊ द्या, रोज येतोय बघा," पारावरून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, मामाही.

विभागप्रमुखांनी सुचवलं, राहिलेले आकडे अंदाजाने भरा, सगळेच भरतात. मामाने घरी येऊन मला विचारलं, "टँकर आल्यामुळे नमुने मिळाले नाहीत, हे इंग्रजीत कसं लिहू?" मी लिहून दिलं. नमुने अपुरे म्हणून निबंध परत आला. मुलाखत झाली, पद त्याच्याच एका विद्यार्थ्याला मिळालं. मामा त्याचं अभिनंदन करून आला आणि न जेवता उठला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने घरटी दोन कॅन दिले. लाल झाकणाचा तपासणीला, पांढऱ्या झाकणाचा पाण्याला. पांढऱ्या झाकणाचा एक त्याने स्वतःच्या घरीही ओट्याखाली ठेवला. या वेळी नमुने आले, निबंधही छापून आला, टँकरच्या त्या वाक्यासकट. तो घेऊन आम्ही गावात गेलो.

"ह्यात माझं नाव हाय का?" मावशींनी विचारलं.

"न्हाई. पण तुमचा टँकर हाय," मामा म्हणाला.

मामाच्या पुण्यानुमोदनाच्या बुद्धवंदनेला आलेले पाहुणे गेले, त्याच संध्याकाळी नळाला पाणी आलं. मामी हंडे तसेच ठेवून ओट्याखाली वाकली. पाणी आलं की मामा नेहमी आधी तिथला पांढऱ्या झाकणाचा कॅन भरायचा... तिने तोच पुढे ओढला.