यादीत नसलेलं पीठ

अण्णांनी आपल्या मरणाची यादी मला आधीच सांगून ठेवली होती. सांगणारे ते, लिहिणारी मी. दम्यामुळे त्यांना आडवं होता येत नसे. खाटेवर बसून, उशी पोटाशी धरून, दोन शब्दांमध्ये थांबत त्यांनी एक अख्खी दुपार त्यात घालवली. भटजी नको. पिंड नको. दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध नको. कुणी डोकं भादरू नये. चुलतभावाने अग्नी द्यावा, मंत्रांशिवाय. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी नेहमीसारखं जेवावं आणि मी शाळेत जावं.

"पुढे काही नाही," ते म्हणाले, "तेव्हा पुढची तयारीही नको."

मी त्यांचीच मुलगी. मुलींच्या शाळेत शिकवत होते. वय चौतीस, लग्न केलेलं नव्हतं. देवावर विश्वास नव्हता, याद्यांवर होता. वाण्याची, धोब्याची, तपासायच्या पेपरांची अशा माझ्या याद्या भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेल्या असत. अण्णा गेले तेव्हा त्यांची यादीही मी एकेका ओळीवर काट मारत पुरी केली. शाळेतही गेले. पनवेल तेव्हा एवढंसं होतं, आमच्याकडे पिंड होणार नाहीत ही बातमी तळ्यापलीकडे पोचायला सकाळ पुरली. लोक येऊन विचारत, मी उत्तरं देई. काही जण विचारत नसत, नुसते बघत, आणि तेच जास्त जड जाई. दहा दिवसांत मी इतकी शिणले की दारात चप्पल वाजली की मागच्या दारी निघून जाई.

आई मात्र काही म्हणाली नव्हती. त्यांचा संसारच तसा होता. ती कोपऱ्यात पूजा करी, ते ओसरीवर वर्तमानपत्र वाचत, आणि कुणी कुणाच्या वाटेला जात नसे. दहाव्या दिवशी दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"एक विचारू? पीठ ठेवायचं का गं?"

माणूस जिथे गेलं, त्या जागी दिवा लावायचा, शेजारी ताटात तांदळाचं पीठ पसरायचं आणि वर टोपली पालथी घालायची. सकाळी पिठात जी पावलं उमटलेली दिसतील, त्या जन्माला माणूस गेलं, असं मानतात. अण्णांनी हे मना केलं नव्हतं. भटजीचं जे जे असतं ते त्यांना तोंडपाठ होतं. पीठ हे माजघरातलं, बायकांचं. ते त्यांच्या नजरेला कधी पडलंच नसावं.

"मला फक्त कळू दे, कुठं गेले ते," आई म्हणाली. "गाय होऊ देत, कुत्रा होऊ दे, माझं काही म्हणणं नाही. नीट पोचले एवढं कळलं की मला झोप लागेल."

दहा दिवस तिचा डोळा लागला नव्हता. इतकी वर्षं ती त्यांच्या छातीची घरघर ऐकत झोपली होती. आता घर गप्प होतं.

मी हो म्हटलं. आणि एकदा काम हातात घेतलं की मी ते नीटच करते. संध्याकाळी अण्णांची खाट हलवून तिची जागा झाडून पुसून घेतली. पीठ फडक्यातून चाळलं, ताटात पसरलं, सुरीच्या पाठीने सपाट केलं. मुंग्या लागू नयेत म्हणून साखरेचा डबा ठेवतो तसं ते ताट पाण्याच्या परातीत पाट घालून त्यावर ठेवलं. उंदराच्या बिळात चिंधी कोंबली. मांजर बाहेर काढलं. टोपलीवर वरवंटा ठेवला. सगळं झाल्यावर मला जरा बरंही वाटलं.

सकाळी आई अंघोळ करून ओल्या केसांनीच आली. जवळच्या ओवे गावाहून आम्हाला तांदूळ आणून देणारी बाईही तेवढ्यात पोचली होती. वीस वर्षांची ओळख, ती पाटी उतरवून उंबऱ्याशीच बसली. मी वरवंटा काढला, टोपली उचलली.

पीठ मी सोडलं होतं तसंच होतं.

आई वाकून बघत राहिली. तांदूळवाली उठून आली, परात बघितली आणि तिने कपाळावर हात मारला.

"अगो मास्तरीनबाय, पान्यात ठेवलंस? मंग म्हाताऱ्यानं यावं कसा, पोवून?"

"मुंग्या लागतात म्हणून..."

"लागूं दे नां! आमचे सासऱ्याचे पिठावर मांजराचा पाय उठला. मेला जित्तेपनी पन दूध चोरूनच प्यायचा."

आईला हसू आलं, आणि अर्ध्यावरच ते गेलं. तेव्हा कुठे मला कळलं मी काय केलं होतं ते. दुसऱ्या घरांत एखादी मुंगी येते, पाल येते, आणि कुणाची तरी आई झोपते. मी सगळ्या वाटा बुजवल्या होत्या.

"आज पुन्हा ठेवू," मी म्हटलं. "पाणी नको, काही नको."

"नको," आई म्हणाली. "तू मुद्दाम मुंगी सोडशील."

मुंग्या गुळाच्या बरणीमागे आहेत, हे मी मनात धरलंच होतं.

आई भिंतीला टेकून बसली. "तू खोटं बोलत नाहीस म्हणून विचारते. तुला काय वाटतं? ते कुठं आहेत?"

त्या क्षणी मी काहीही सांगू शकले असते. पण दहा दिवस लोकांना उत्तरं देऊन माझ्यात वेगळं काही रचण्याची ताकद उरली नव्हती.

"कुठेच नाहीत, आई. होते. आता नाहीत."

"आईला असं सांगत्यात?" तांदूळवाली माझ्यावर ओरडली.

आईने तिला हाताने थांबवलं. मग पिठाकडे बघतच तिने विचारलं,

"कुठंच नाही म्हणजे... दमाही नाही?"

"नाही."

"रात्री उठून बसायला लागत नाही?"

"नाही."

"मला वाटायचं, बसले असतील कुठं तरी भिंतीला धरून. पाठ चोळायला कोण आहे तिथं?" तिने पदराने तोंड पुसलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आणि असं मानून तुला झोप कशी लागते गं?"

"थकलेली असते मी."

तिने मान हलवली, जणू हे तिला पटण्यासारखं होतं. मग ती तिथेच, खाटेच्या जागेवर, हात उशाला घेऊन आडवी झाली. तांदूळवालीने माप घालेपर्यंत तिला झोप लागली होती. तांदूळवाली जाताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "पानी वत आता त्या परातीतला," आणि पाय न वाजवता उतरून गेली.

शाळेची वेळ होऊन गेली होती. मी ताट उचललं. आईची झोप मोडू नये म्हणून आधी खिडकीपाशी नेलं आणि उजेडात तिरकं धरून पुन्हा एकदा बघितलं, कडेकडेने, नीट. काही नव्हतं. मग ताट ओट्यावर ठेवून मी उभी राहिले. पीठ डब्यात परत घालायचं की टाकून द्यायचं, हे मला काही केल्या ठरवता येईना.